औदुंबराला चारपैकी एक

मराठीच्या बाईंनो, सरांनो, क्लासवाल्यांनो, कविता शिकवायची वेळ आलीच तर घाबरू नका. ठाण्यात राहून, गोखले रोडच्या एका क्लासची वर्षभराची फी भरून मला जे ज्ञान मिळालं, ते तुम्हाला फुकट देतो.

आधी गाइड, मग कविता. उलटं केलंत तर पोरांना प्रश्न पडतात आणि पोर्शन राहतो.

कवीपरिचय चौकटीत उतरवून घ्या. बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, १८९० ते १९१८. माणूस अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला, याच्यावर कुणी रेंगाळायला नको. चौकट संपली, पान उलटा.

भाषा साधी, सोपी, ओघवती. कवी कुणीही असो.

आता पुरावा. हा शब्द वर्गात काढूच नका! माझ्या नववीतल्या लेकीला कुणीतरी सांगितलं होतं, की जे म्हणायचं ते ओळीत दाखव. सरावाला बालकवींच्या 'औदुंबर'चं रसग्रहण आलं. जेमतेम आठ ओळींची कविता. तिने पेन्सिलीने रंग अधोरेखित केले आणि लिहिलं, 'सुरुवातीला सगळं हिरवं आहे. पांढरी पायवाट त्याच हिरव्या कुरणातून निघते, पण पोचते काळ्या डोहाकडे. त्या काळिम्याला कवी गोड म्हणतो. मला वाटतं, त्याला शेवटाची भीती वाटत नसावी.' खाली लाल शेरा, 'मुद्दे अपुरे.' चारपैकी एक. शेजारच्या मुलीने 'कवीने निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे' लिहून चारपैकी चार मिळवले. ते वाक्य क्लासच्या झेरॉक्समध्ये आहे. तीस रुपये मोजून आमच्याही घरात आहे.

भेटायला गेलो. बाई म्हणाल्या, "अहो, ते निसर्गकवी आहेत ना! एवढं खोलात कशाला?" त्या औदुंबराच्या अर्थावरून समीक्षक वर्षानुवर्षं भांडले. बिचाऱ्यांना आमच्या क्लासचा पत्ता ठाऊक नव्हता.

आणि ज्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून घेता, त्यांचं कृतिपत्रिकेतलं नाव काय? स्वमत! स्वमताची झेरॉक्स काढता आणि पुन्हा म्हणता, "मुलं वाचत नाहीत हो हल्ली." कशाला वाचतील? वाचलं की तीन मार्क जातात, हे त्यांना कळलंय. गोड काळिमा म्हणजे काय, हे तुम्ही स्वतःला तरी कधी विचारलंय का? पोरीने ओळ दाखवली होती. चुकली असेल तर कुठे चुकली ते त्याच ओळीवर बोट ठेवून सांगा. तेवढं जमत नसेल तर लाल पेन खाली ठेवा.

मीही काही वेगळा नाही. त्याच संध्याकाळी तलावपाळीवर पाणी काळं होत चाललं होतं. लेक म्हणाली, "बाबा, बघ ना, अंधारलंय पण छान वाटतंय." मी पाणीपुरीवाल्याकडून सुटे मोजून घेत होतो. मान वर न करता म्हणालो, "पुढच्या वेळी बाई सांगतात तसं लिही."

तिने लिहिलं. चारपैकी चार.