राखीव जागेतली भाजी

गेल्या शुक्रवारी न्यूकॅसलच्या फलाटावर निवेदन झाले, की लंडनकडे जाणारी गाडी आज उलट्या क्रमाने येत आहे. बाकीचे प्रवासी कॉफीचे पेले सांभाळत चार पावले इकडून तिकडे सरकले. मी मात्र मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना तुडुंब भरलेल्या पिशव्या लटकवलेली सायकल घेऊन फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटले, कारण सायकलीची राखीव जागा एका ठरावीक डब्यात असते आणि तो डबा आता भलतीकडे येणार होता. १८५० साली व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या स्थानकाचे वळणदार छप्पर नावाजलेले आहे. छपराखालचा फलाटही तितकाच वळणदार असल्यामुळे आपण कुठवर धावायचे आहे ते धावणाऱ्याला दिसत नाही, हे मात्र त्याची स्तुती करणारे सांगत नाहीत.

एडिंबरोहून राष्ट्रीय सायकलमार्ग क्रमांक १ने बेरिक, आणि पुढे समुद्रकाठाने बॅम्बरा करत मी न्यूकॅसलला आले होते. त्याआधी स्कॉटलंडच्या थेट उत्तर टोकाला विकपर्यंत रेल्वेने गेले होते. इन्व्हरनेसहून निघालेली ती गाडी सरळ किनाऱ्याने जाण्याऐवजी आत वळसा घालून पाणथळ माळांमधून चार तासांहून अधिक काळ रमतगमत जाते, आणि २०२४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेला तो प्रदेश खिडकीतून पाहताना वेळेचे काहीच वाटत नाही. थोडक्यात, न्यूकॅसलला पोहोचेपर्यंत ब्रिटनविषयी माझे मत फार चांगले होते.

लंडनकडे जाणाऱ्या या गाड्यांमध्ये सायकल फुकट नेता येते, पण आरक्षण सक्तीचे असते. ते मी केव्हाच करून ठेवले होते. आरक्षित जागा म्हणजे दारालगतचे एक उंच, चिंचोळे कपाट. त्यात वरच्या बाजूला एक आकडा असतो. सायकल मागच्या चाकावर उभी करायची, उचलायची आणि पुढचे चाक त्या आकड्याला अडकवायचे. रुंद हँडल असेल तर ते कपाटात मावत नाही, मडगार्ड असेल तर चाक आकड्यात नीट बसत नाही, आणि लांबच्या प्रवासाला निघालेल्या सायकलीला दोन्ही असतात. ज्याने हे कपाट आखले त्याने सायकल चित्रात पाहिली असावी आणि तीही भिंतीवर टांगलेल्या चित्रात, असा माझा पक्का समज झाला आहे.

धापा टाकत मी डब्यात शिरले, कपाटाचे दार उघडले आणि आत लीक नावाची भाजी होती. पातीच्या कांद्याने व्यायामशाळेत नाव घालावे आणि वर्षभर एकही दिवस चुकवू नये, तशी ती भाजी दिसते. मांडीएवढ्या जाडीच्या तीन लीक एका लाकडी खोक्यात ताठ उभ्या होत्या, त्यांची पाती रिबिनीने अलगद बांधून माझ्या आकड्याला अडकवलेली होती आणि बुंध्यांना ओला पंचा गुंडाळलेला होता. कपाटाशेजारी सामानाच्या पेटीवर कोट-टाय घातलेले सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते.

"त्यांना हलवता यायचं नाही," ते शांतपणे म्हणाले. "त्या उभ्यानेच प्रवास करतात."

"पण ही जागा माझ्या सायकलीसाठी राखीव आहे." मी फोनवरचे आरक्षण दाखवले.

त्यांनी ते चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचले. "बरोबर आहे. पण सायकल आडवी राहू शकते. हिला आडवी केली की पात मोडते, आणि पात मोडली की गुण गेले."

मग मला जे शिक्षण मिळाले ते मी मागितलेले नव्हते. इंग्लंडच्या ईशान्य भागात कोळशाच्या खाणींच्या गावांतून लीक वाढवण्याच्या स्पर्धांची जुनी परंपरा आहे. त्यांतल्या 'पॉट लीक' या प्रकारात पांढरा बुंधा सहा इंचांपेक्षा उंच चालत नाही, त्यामुळे सगळी ईर्षा जाडीत उतरते आणि आकारमान घन इंचांत मोजले जाते. हे सांगताना त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, माझ्या देखत एक बुंधा मोजला, आकडा वहीत लिहिला आणि तो मला दिसू नये म्हणून वही छातीशी धरली. स्पर्धा जवळ आली की प्रतिस्पर्धी रात्री येऊन वाफ्यातल्या लीक कापून टाकतात, म्हणून लोक बागेत खुर्ची टाकून जागे राहतात, असेही त्यांनी सांगितले. एवढे बोलून झाल्यावर त्यांना एकाएकी शंका आली.

"तुम्ही ॲशिंग्टनच्या तर नाही ना?"

सावळा वर्ण, हेल्मेटखालून सुटलेली वेणी आणि डब्याच्या दारात अडकलेली सायकल, यांतले नेमके काय त्यांना ॲशिंग्टनचे, म्हणजे त्याच भागातल्या एका खाणगावचे, वाटले ते मला अजून समजलेले नाही. मी सातारा जिल्ह्यातली आहे, असे मी सांगितले.

"तिकडे माती कशी आहे?"

गाडी सुटली होती, सायकल पोटावर रेलली होती, आणि मी एका अनोळखी इंग्रजाला लोणंदच्या कांदा बाजाराची माहिती देत होते. त्यांनी वहीचे नवे पान उघडून तारीख घातली. लोणंदचा कांदा जास्तीत जास्त किती घन इंच भरतो, असे त्यांनी विचारले. आम्ही तो मोजत नाही, खातो, असे मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे फार कणवेने पाहिले. तुम्ही लीक खात नाही का, असे मी उलट विचारले, तेव्हा ते म्हणाले, "छे, मला ती चव आवडतच नाही."

तेवढ्यात गार्ड आला. मी आशेने आरक्षण पुढे केले, पण त्याची नजर कपाटात गेली आणि तिथेच खिळली. तो गुडघ्यांवर बसला. त्याचे आजोबा लीक वाढवत असत. खत कुठले, बी घरचे की विकतचे, पंचा किती वेळाने भिजवता, अशी चौकशी झाली. अखेर उठून त्याने मला सांगितले की धावत्या गाडीत असे नाजूक सामान हलवणे धोक्याचे आहे, तेव्हा यॉर्कपर्यंत मी सायकल धरून दाराशी उभे राहावे, मात्र दाराची वाट अडवू नये. हे दोन्ही एकाच वेळी कसे करायचे, असे मी विचारले. पुढच्या वेळी घडीची सायकल आणा, असे उत्तर मिळाले.

पुढचा फलाट कोणत्या बाजूला येणार हे दाराशी उभ्या असलेल्या माणसाला कोणी सांगत नाही. त्यामुळे डरॅमला मी सायकलीसकट एका दाराकडून दुसऱ्या दाराकडे सरकले, डार्लिंग्टनला पुन्हा सरकले, आणि दर वेळी उतरणाऱ्यांनी माझी क्षमा मागितली. त्या क्षमेनेच डोके अधिक फिरते. डरॅमच्या उंच पुलावरून १०९३ साली पाया घातलेल्या कॅथीड्रलचे देखणे दर्शन होते म्हणतात. मला त्या वेळी एका बाईंच्या बॅगेचे चाक माझ्या पावलावरून जाताना दिसले.

एक गोष्ट मात्र मनापासून खुपते. १९७६ पासून चाळीसहून अधिक वर्षे या देशात धावलेल्या त्या जुन्या वेगवान गाड्यांच्या दोन्ही टोकांना इंजिनाला लागून सामानाची खोली असे. सायकल आत ढकलावी, भिंतीला टेकवावी, संपले. नव्या गाड्या आल्या तेव्हा ती खोली गेली आणि कपाट आले. त्याआधी, १९९०च्या दशकात, सरकारी ब्रिटिश रेल मोडून तिचे तुकडे वेगवेगळ्या कंपन्यांना चालवायला दिले गेले, आणि आता एकीला आरक्षण हवे असते, दुसरीकडे आधी येईल त्याला जागा, तिसरीला गर्दीच्या वेळी सायकल मुळीच नको असते. एका तिकिटावरच्या एका प्रवासात हे तिन्ही नियम लागू शकतात. रूळदुरुस्तीमुळे गाडीऐवजी बस आली तर तिच्यात सायकल घेतील अशी आशाच ठेवू नये. आपल्याकडे पार्सल कार्यालयात सायकल गोणपाटात गुंडाळावी लागते, अर्ज भरावे लागतात, हमालाशी हुज्जत होते हे खरे, पण ती एकदा ब्रेक व्हॅनमध्ये चढली की मालक आपल्या जागेवर बसून डबा उघडू शकतो. इकडे मात्र सायकलस्वारांच्या लाडाकोडाची माहितीपत्रके छापतात. ब्रिस्टल ते बाथ हा तेरा मैलांचा लोकप्रिय सायकलमार्ग बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर बांधलेला आहे. रेल्वे आणि सायकल यांचे ब्रिटनमध्ये जमते ते असे, रेल्वे उठून गेल्यावर.

यॉर्कला गृहस्थ उतरले. गार्डने खोके स्वतःच्या हातांनी फलाटावर नेऊन ठेवले, आणि माझी सायकल कपाटात चढवायला तो येईपर्यंत गाडी सुटली. मी ती एकटीने अडकवली. हँडल वाकडे करावे लागले आणि आकड्याला राहिलेली रिबीन चाकाच्या आऱ्यांत गुंतली. मग माझ्या आरक्षित आसनाकडे निघाले, तेव्हा लक्षात आले की गाडी उलटी असल्यामुळे ते आता पार दुसऱ्या टोकाला होते.

घरी येऊन मी तक्रार नोंदवली. गाडी वेळेवर पोहोचल्यामुळे नुकसानभरपाईचा प्रश्नच नव्हता. तक्रारीच्या अर्जात उशीर, रद्द गाडी, अस्वच्छता, गर्दी असे रकाने होते आणि त्यांपैकी एक निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. भाजी ज्यात बसेल असा एकच रकाना मला सापडला, तो खानपानाचा. काल उत्तर आले. प्रवासात मिळालेली भाजी माझ्या अपेक्षेप्रमाणे नव्हती याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आहे आणि पुढच्या वेळी मांसाहारी पर्यायाचा विचार करावा, असे सुचवले आहे.