‘सगळं कापून टाकतात’ : एका फॉरवर्डला वॉर्डातल्या सिस्टरचं उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. पहिला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. दुसरा मावसबहिणीने पाठवला, "तू त्या वॉर्डात होतीस ना, खरं आहे का गं हे?" असं विचारून. उरलेले दोन मात्र ज्यांना स्वतःला ऑपरेशन करून घ्यायचंय अशा दोघींकडून आले. त्यांनी काही विचारलंही नव्हतं, नुसता पुढे ढकलला होता. हे त्या दोघींसाठी लिहितेय. सोसायटीवाल्यांनी वाचलं तर वाचलं.

मेसेज थोडक्यात असा: "पुरुषाची बाई करायचं ऑपरेशन म्हणजे सगळं कापून टाकतात. हिजड्यांत पूर्वीपासून होतं तेच, फक्त आता दवाखान्यात. नंतर काही संवेदना राहत नाही. आत रस्ता केला तरच ते पूर्ण, नाहीतर अर्धवट. एकदा झालं की गोळ्यांची कटकट संपते. हे परदेशातलं नवं फॅड आहे. करणारे सगळे पस्तावतात. आणि नीट करायचं तर बँकॉकलाच जावं लागतं. जनहितार्थ पुढे पाठवा."

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात माझी बरीच वर्षं गेली. आमच्या रजिस्टरमध्ये या ऑपरेशनपुढे ‘एसआरएस’ (सेक्स रिअसाइनमेंट सर्जरी, म्हणजे लिंगबदल शस्त्रक्रिया) लिहायचे. मी डॉक्टर नाही. पण ऑपरेशननंतरचे दिवस, म्हणजे ड्रेसिंग, कॅथेटर, रडणं, पहिल्यांदा आरसा मागणं, हे मी डॉक्टरांपेक्षा जास्त पाहिलंय.

सुरुवातीलाच मेसेज घसरतो, कारण त्याला वाटतं ऑपरेशन एकच आहे. निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुठली करायची (किंवा काहीच करायचं नाही) हे त्या व्यक्तीने ठरवायचं असतं.

सगळ्यात छोटं म्हणजे ऑर्किएक्टॉमी, फक्त वृषण काढणं. सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाता येईल एवढंच. दुसरं व्हल्व्होप्लास्टी: बाहेरून सगळी रचना स्त्रीची, म्हणजे ओठ, क्लिटोरिस, लघवीची जागा, पण आत मार्ग नाही, असली तर नुसती खळगी. तिसरं वजायनोप्लास्टी, म्हणजे हे सगळं आणि आत योनीमार्गही.

आता ‘कापून टाकतात’ बद्दल. वजायनोप्लास्टीच्या सगळ्यात रुळलेल्या पद्धतीत टाकायचं असं फार थोडं असतं. वृषण आणि लिंगातला स्पंजासारखा भाग जातो. बाकीचं वापरतात. लिंगाची त्वचा उलटी करून आतल्या मार्गाचं अस्तर होतं. पुरली नाही तर अंडकोशाच्या त्वचेचं ग्राफ्ट जोडतात. बाहेरचे ओठही तिथल्याच त्वचेतून. मूत्रमार्ग आखूड करून खाली आणतात. आणि शिश्नमुंडाचा, म्हणजे लिंगाच्या टोकाचा, छोटा तुकडा त्याच्या नसा आणि रक्तवाहिन्यांसकट, न तोडता, उचलून वर बसवतात, तो क्लिटोरिस. त्या बारीक नसा सोडवताना सर्जन एक शब्द बोलत नाहीत. थिएटरमध्ये तेवढा वेळ मॉनिटरची टिकटिक तेवढी ऐकू येते.

म्हणजे संवेदनेचा मुद्दाही इथेच निकालात निघाला. नसा जपल्या जातात म्हणूनच संवेदना राहते. सुरुवातीचे काही महिने बधिरपणा, मुंग्या, मध्येच वीज चमकल्यासारखं होतं, आणि वर्षभर ते बदलत राहतं. बहुतेक जणींना पुढे लैंगिक तृप्ती मिळते. सगळ्यांनाच मिळते असं म्हणणारा डॉक्टर भेटला तर मात्र उठून यावं.

प्रोस्टेट काढत नाहीत, ती आतच राहते. हे मी मुद्दाम सांगते, कारण साठीच्या वयात लघवीला त्रास झाला तर समोरच्या डॉक्टरला ते माहीत असायला हवं. कागदावर ‘स्त्री’ बघून तो विचारणार नाही.

‘हिजड्यांत होतं तेच’ यावर मला जरा थांबायचंय. निर्वाण ही हिजडा समाजातली, लिंग आणि वृषण काढायची जुनी रीत आहे. त्यांच्या देवीचं, बहुचरा मातेचं, नाव घेऊन, दाईच्या हातून, आणि त्यानंतर चाळीस दिवसांचं पाळणं. तिच्याकडे तुच्छतेने बघायचा अधिकार मला नाही. ज्या काळात कुठल्याही दवाखान्याने दारात उभं केलं नाही त्या काळात या बायकांनी आपली वाट आपण काढली. पण शरीराच्या हिशेबाने ती गोष्ट वेगळी. तिथे लिंग, अंडकोश, वृषण सगळं खरोखरच जातं, जखम आपोआप भरते, क्लिटोरिस किंवा ओठ घडवले जात नाहीत. लघवीचं भोक भरता भरता आकसतं. रात्री दोन वाजता पोट फुगून, लघवी तुंबून, गुरूच्या खांद्यावर मान टाकून आलेली बाई मी पाहिली आहे. कॅथेटरसुद्धा आत जाईना. बाहेर कॅज्युअल्टीत तोवर तिला ‘मेल वॉर्ड की फिमेल वॉर्ड’ यावर चर्चा चाललेली.

निर्वाण झालेल्या व्यक्तीला पुढे योनीमार्ग करून घ्यायचा असेल तर अस्तरासाठी लागणारी त्वचाच उरलेली नसते. तरी दार बंद होत नाही. मोठ्या आतड्याचा एक तुकडा, सिग्मॉइड, रक्तपुरवठ्यासकट खाली आणून मार्ग करता येतो. पोटाच्या आतलं पातळ आवरण, पेरिटोनियम, वापरूनही करतात. ही पद्धत या कामात तुलनेने नवी आहे. आतड्याच्या मार्गाला स्वतःचा ओलावा असतो, हा फायदा. तो ओलावा कधी थांबतच नाही, रोज पॅड लागतं, हा त्याच फायद्याचा दुसरा चेहरा. शिवाय पोटाचं मोठं ऑपरेशन होतं, आणि तो तुकडा शेवटी आतडंच असल्यामुळे त्याची तपासणी पुढेही करत राहावी लागते.

आता ‘आत रस्ता नाही तर अर्धवट’. या एका वाक्याने जेवढं नुकसान केलंय तेवढं बाकीच्या सगळ्यांनी मिळून केलं नसेल, कारण यावर त्या मुलींचाही विश्वास असतो.

कल्याणहून एक जण यायची. ब्युटी पार्लरमध्ये काम, तिशीच्या पुढची. वजायनोप्लास्टीच हवी, असं ठरवूनच आलेली. समुपदेशनाच्या खोलीत मी तिच्यापुढे डायलेटरचा सेट ठेवला. गुळगुळीत कांड्या, करंगळीपेक्षा थोड्या जाड अशा एकापासून चढत्या मापाच्या. नव्याने केलेला मार्ग शरीराला जखमच वाटतो, ते तो बुजवायला बघतं. म्हणून पहिले काही महिने दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं, गुडघे दुमडून आडवं पडून ही कांडी आत ठेवायची. मग हळूहळू कमी. पण आठवड्यातून एखाद-दोनदा, तेही जन्मभर.

तिने एक कांडी उचलून टेबलावर उभी केली, पुन्हा आडवी ठेवली.

"सिस्टर, आमच्याकडे एकच खोली आहे. मी, आई, भाऊ-भावजय. दिवसातून तीनदा मी कुठे आडवी पडू?"

"पार्लरमध्ये?"

"तिथे तर पडद्यामागे वॅक्सिंग चालू असतं." आणि ती हसायला लागली. मीही.

मग आम्ही दोघी तासभर बोललो. तिला काय हवं होतं? साडी नेसताना आणि ट्रेनच्या गर्दीत सतत वाटणारी ती धास्ती जायला हवी होती. आंघोळ करताना खाली बघता यायला हवं होतं. आत मार्ग हवाच, असा जोडीदार नव्हता आणि तिला तशी ओढही नव्हती. तिला तो हवा होता, कारण कुणीतरी सांगितलं होतं की त्याशिवाय ‘पूर्ण’ नाही. व्हल्व्होप्लास्टीत डायलेटर नाही. मूत्राशय आणि गुदाशय यांच्या मध्ये जागा करावी लागत नाही, त्यामुळे गुदाशयाला इजा होण्याचा किंवा फिस्ट्युला (दोन अवयवांमध्ये नको असलेलं भोक) होण्याचा धोका जवळजवळ टळतो. बरं व्हायलाही कमी वेळ. दोन महिने विचार करून तिने ते निवडलं. दुसरी एखादी नेमकं उलट निवडेल आणि तेही तितकंच बरोबर असेल; तिला आत मार्ग हवा असतो, तिच्यासाठी दिवसातले तीन वेळ काढणं हा सौदा परवडणारा असतो. एवढंच, की आज व्हल्व्होप्लास्टी करून उद्या मार्ग हवासा वाटला तर बरीचशी त्वचा वापरून झालेली असते, मग आतड्याकडे किंवा पेरिटोनियमकडे वळावं लागतं. त्यामुळे विचार आधी.

आणि ‘पूर्ण’ कोण हे ऑपरेशन ठरवत नाही. २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की लिंगओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करणं अनैतिक आणि बेकायदा आहे. आपल्या ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात होत्या. नंतर तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आला, त्यावर वाद झाले, ते वकिलांवर सोडू. वॉर्डात येणाऱ्या बाईला मी एवढंच सांगायची की कागदासाठी म्हणून सुरीखाली जाऊ नकोस.

‘गोळ्यांची कटकट संपते.’ अर्धं खरं, म्हणून जास्त घातक. वृषण गेल्यावर टेस्टोस्टेरॉन (पुरुष-संप्रेरक) अडवणाऱ्या गोळ्या, स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोन, बंद होतात. पण इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक) चालूच ठेवावं लागतं. दोन्ही संप्रेरकं नसलेल्या शरीरात हाडं ठिसूळ होतात, घामाच्या लाटा येतात, माणूस खचतो. इस्ट्रोजेन घ्यायचं तेही डॉक्टरांना विचारून, रक्त तपासून. आपल्याकडे मेडिकलमधून कुटुंबनियोजनाच्या गोळ्या दुप्पट-तिप्पट घ्यायची सवय आहे. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. ऑपरेशन आणि गुठळी हे समीकरण कुठल्याही सिस्टरची झोप उडवतं. तंबाखूचंही तेच. "मी सिगरेट ओढत नाही" म्हणणाऱ्या किती जणींच्या दातांवर मिश्री दिसायची! निकोटीन कशातूनही आत जावो, रक्तवाहिन्या आकसतात आणि नाजूक त्वचा काळी पडते. कित्येक आठवडे आधीपासून पूर्ण बंद.

जाता जाता: मूल. वृषण गेले की स्वतःचं बीज संपलं. हवं असेल तर आधीच वीर्य गोठवून ठेवायचं. गर्भाशय या ऑपरेशनात तयार होत नाही, पाळी येत नाही, आवाजही बदलत नाही. हे विचारायला लाजतात आणि मग नंतर रडतात. आणि केस. जी त्वचा आत जाणार तिच्यावरचे केस मुळासकट घालवायला लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिसचे महिनोन्महिने सिटिंग्ज लागतात. नाहीतर ते आत उगवतात, आणि तिथे ते काढणं हा वेगळाच छळ.

‘नवं फॅड.’ बर्लिनमध्ये डोरा रिश्टर या स्त्रीवर योनी घडवण्याची शस्त्रक्रिया झाली ती १९३१ साली. त्वचा उलटी करून अस्तर करायची पद्धत कॅसाब्लांकात जॉर्ज बुरू नावाच्या डॉक्टरांनी रूढ केली, १९५० च्या दशकात. त्याहून जवळचं उदाहरण आमच्याच वॉर्डातलं. पाळी येत नाही म्हणून आई घेऊन आलेल्या मुली, ज्यांना जन्मतःच योनीमार्ग नसतो. साधारण पाच हजारांत एक. त्यांचाही मार्ग आम्ही कधी आतड्यातून, कधी त्वचेच्या ग्राफ्टने केलेला. तेच थिएटर, तेच डायलेटर, आणि डायलेटर समजावून सांगणारीही मीच. त्यांच्याबद्दल कुणी फॉरवर्ड पाठवत नाही. उलट आईला सांगतात, लग्नाआधी उरकून घ्या.

‘सगळे पस्तावतात.’ २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २७ अभ्यासांमधल्या जवळपास आठ हजार रुग्णांची माहिती एकत्र केली होती. पस्तावल्याचं प्रमाण साधारण १ टक्का निघालं. हा आकडा छातीवर मिरवण्यासारखा नाही, कारण अशा अभ्यासांत बरेच रुग्ण मध्येच संपर्कातून सुटतात. पण ‘सगळे’ आणि हा आकडा यांच्यातलं अंतर फारच मोठं आहे. त्रास होतात, ते नाकारू नये: टाके सुटणं, लघवीची धार वाकडी जाणं, मार्ग आखूड होणं, क्वचित फिस्ट्युला. पुन्हा टेबलावर जावं लागतं. त्रास झाला म्हणून वैतागणं आणि आपण बाई आहोत हेच चुकलं असं वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला भेटलेल्या बायकांचा वैताग पहिल्या जातीचा होता. घाई होऊ नये म्हणूनच या विषयातल्या जाणकार तज्ज्ञाकडून आधी तपासणी-मूल्यमापन आणि, चालत असतील तर, निदान सहा महिने हॉर्मोन्स हे २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे.

राहिलं बँकॉक. तिथे चांगले सर्जन आहेत, पण ‘तिथेच’ हे खोटं. मुंबईत ही ऑपरेशनं होतात, सरकारीतही आणि खासगीतही. जीटी रुग्णालयात २०२३ मध्ये तृतीयपंथीयांसाठी वेगळा वॉर्डही सुरू झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारतखाली वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कव्हर आणि त्यात या शस्त्रक्रिया असा करार जाहीर झाला. जाहीर होणं आणि काउंटरवर मिळणं यातलं अंतर मुंबईकराला सांगायला नको. त्यामुळे पैसे भरण्याआधी लेखी विचारा.

आणि कुठेही करा, मुंबईत, दिल्लीत, नाहीतर थायलंडमध्ये, सर्जनला हे विचारा: ही पद्धत तुम्ही किती केल्या, पॅकिंग (नव्या मार्गात भरून ठेवलेली गॉजची पट्टी) आणि कॅथेटर कोण काढणार, पहिल्या ड्रेसिंगला कोण असेल? एका खासगी ठिकाणाहून एक मुलगी चौथ्या दिवशी डिस्चार्ज घेऊन आमच्याकडे आली होती. आत पॅकिंग तसंच होतं आणि ते आहे हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. फाइलवर जो मोबाइल नंबर होता तो मी तिच्यासमोर लावला. स्विच्ड ऑफ.