‘शेवटी जाड रबर ठोका, बॉल थांबतो’ : बॉल रिटर्नबद्दलच्या एका लाडक्या समजाचा प्रतिवाद

बॉलिंग, म्हणजे जड बॉल घरंगळवून पिना पाडायचा खेळ. त्यात फेकलेला बॉल खेळाडूकडे परत आणणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे बॉल रिटर्नचा, विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : परत येणाऱ्या बॉलचा वेग हलकेच कमी करणारे पट्टे, रोलर वगैरे म्हणजे कंपन्यांनी विकायला काढलेलं लटांबर. बॉल पिनांवर आदळून शाबूत राहतो, मग परत येताना त्याला काय होणार? रूळ शेवटी थोडा चढवा, टोकाला जाड रबर ठोका, काम झालं. वेग उगाच कमी केलात तर खेळ रेंगाळेल. आणि परत आलेले बॉल जिथे येऊन थांबतात त्या रॅकवर कोणाची बोटं चेंगरली, तर तो त्याचा बेसावधपणा.

मजकूर झणझणीत आहे आणि त्यात खऱ्याचा अंशही आहे, म्हणूनच तो पटतो. पण त्याच्या मुळाशीच एक गफलत आहे. परतणारा वेग म्हणजे खेळाडूने मारलेल्या वेगाचा उरलासुरला भाग, असं त्यात धरून चाललेलं आहे. तसं नसतं. फेकलेला बॉल पिनांच्या मागे टांगलेल्या जाड गादीवर आदळतो आणि तिथेच त्याचा मूळ वेग संपतो. मग तो पिनांपासून वेगळा होतो, एका दारातून बाहेर पडतो आणि फिरता पट्टा किंवा चाक त्याला नव्याने ढकलतं. दोन लेनच्या, म्हणजे बॉल टाकायच्या दोन लांब पट्ट्यांच्या, मधल्या रुळावरून, बहुतेक ठिकाणी जमिनीखालून, तो खेळाडूंकडे येतो. म्हणजे हा वेग यंत्राने मुद्दाम दिलेला असतो.

तो का द्यावा लागतो? फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकताना जी ओलांडायची नसते त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंतच १८.२९ मीटर भरतात. एवढं अंतर कापून बॉलला शेवटी हाताच्या उंचीला यायचं असतं. पिना हाताने लावणारी मुलं होती त्या काळी तीच बॉल उचलून उंच, उतरत्या रुळावर ठेवत, म्हणजे उंची आधीच दिलेली असे. १९५०च्या दशकात स्वयंचलित यंत्रं पसरली आणि हे काम मोटारींकडे आलं. समजा, बॉलला केवळ स्वतःच्या जोरावर ६० सेंटिमीटर चढायचं आहे. घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याचा हिशेब केला तर चढाच्या पायथ्याशी त्याला सेकंदाला सुमारे २.९ मीटर वेग हवा. वर उचलायला वेगळी लिफ्ट असेल तर कमी पुरतो. पण वाटेत बॉल अडकू नये म्हणून वेग नेहमी थोडा जास्तच द्यावा लागतो. वर पोचल्यावर हा जास्तीचा वेग शिल्लक राहतो, आणि सगळं भांडण त्याच्याबद्दल आहे.

आता पिनांचा दाखला. एक पिन दीड ते १.६४ किलोची, कशालाही न बांधलेली. धक्का बसला की उडून जाते. तिच्या जाण्यातच बॉलचा मार ओसरतो. रॅकचा लोखंडी काठ उडून जात नाही. आधीच येऊन थांबलेला दुसरा सात किलोचा बॉलही पिनसारखा बाजूला होत नाही.

७.२६ किलोचा, म्हणजे नियमाने चालतो तो सर्वांत जड बॉल सेकंदाला ३ मीटरने येतोय असं धरू. गिरकी, म्हणजे बॉलचं स्वतःभोवती फिरणं, सध्या बाजूला ठेवली तरी त्याच्या पुढे जाण्यातच सुमारे ३३ ज्यूल ऊर्जा आहे. ती ३० सेंटिमीटर अंतरात काढून घेतली तर बॉलवर सरासरी ११ किलो वजनाइतका जोर पडतो. २ सेंटिमीटरमध्ये काढली तर १६५ किलोच्या आसपास. २ मिलिमीटरमध्ये, म्हणजे कठीण वस्तूवर कठीण वस्तू, तर दीड टनाच्याही वर. बॉल तोच, वेग तोच. उंच आलेला झेल घेताना हात मागे नेणाऱ्याला हे आकडे न मांडताही कळलेलं असतं.

शिवाय बॉलचं कवच म्हणजे दगड नव्हे. लाकडी बॉल गेले, कडक रबराचे आले, मग पॉलिस्टर, १९८०च्या दशकात युरेथेन आणि १९९०च्या दशकात रिअॅक्टिव्ह रेझिन. या शेवटच्या कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात, ते लेनवरचं तेल शोषतं. मऊ कवच लेन जास्त पकडतं म्हणून खेळाडू मऊपणाच्या मागे असतात. १९७३ साली डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूने रसायनात भिजवून मऊ केलेल्या बॉलने इतकं यश मिळवलं की पुढे कवचाच्या कठीणपणाला किमान मर्यादा घालावी लागली. कवच मऊ पडू नये म्हणून नियम करावा लागतो, अशा वस्तूला ‘काही होत नाही’ म्हणणं धाडसाचं आहे. त्यात बोटांसाठी पाडलेली भोकं, आणि दोन भोकांमधली ती अरुंद भिंत! रॅकवर आदळताना कोणती बाजू पुढे असेल हे बॉल ठरवत नाही.

अर्थात प्रत्येक भेगेचं खापर रॅकवर फोडता येणार नाही. तापमान झपाट्याने बदललं की बॉल आपोआपही तडकतात. मजकूर लिहिणाऱ्याने एवढंच म्हटलं असतं तर वाद नव्हता.

रबराचा मुद्दा सर्वांत लोकप्रिय आहे, आणि तोच सर्वांत कच्चा. रबर उसळतं. नैसर्गिक रबर तर मिळालेल्या ऊर्जेचा मोठा वाटा परत देतं. म्हणजे बॉल थांबण्याऐवजी उलट फिरतो आणि मागून येणाऱ्याच्या अंगावर जातो. ब्यूटिलसारखं कमी उसळणारं रबर वापरून हे बरंच टाळता येतं, हे मान्य. लेनच्या तेलात खनिज तेल असतं, बॉल ते अंगावर घेऊन येतो, आणि नैसर्गिक रबर अशा तेलाने फुगतं, ढिलं पडतं, तेही योग्य रबर निवडून सांभाळता येईल.

गिरकीचं मात्र रबराला काहीच करता येत नाही. घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याच्या एकूण ऊर्जेपैकी दोन-सप्तमांश, म्हणजे २८ टक्क्यांहून थोडी जास्त, ऊर्जा त्याच्या स्वतःभोवती फिरण्यात असते. रबर बॉलला पुढे जाण्यापासून अडवतं, फिरण्यापासून नाही. मग बॉल एका जागी उभा राहून रबरावर घासत राहतो, किंवा रबरावर चढू पाहतो. बॉल थांबलेला दिसतो, पण त्याच्या पोटात ऊर्जा शिल्लक असते.

या लपलेल्या ऊर्जेची एक गंमत आहे. दोन रुळांमधलं अंतर हळूहळू वाढवत नेलं तर बॉल त्यांच्यामध्ये खाली बसत जातो आणि ज्या त्रिज्येवर तो घरंगळतो ती लहान होते. ती निम्मी झाली, तर ३ मीटरचा वेग २.३ मीटरवर येतो. कुठेही ब्रेक नाही, घर्षणाने काही गमावलेलं नाही. ऊर्जा फक्त पुढे जाण्यातून गिरकीत गेली. पण असा बॉल नंतर सपाट जागेवर सोडला, तर तीच गिरकी त्याला पुन्हा पुढे पळवते. म्हणून वेग कमी ‘दिसणं’ हा निकष चालत नाही. दोन्ही ऊर्जा काढाव्या लागतात.

बरं, ‘शेवटी चढ आहेच की’ या म्हणण्याचं काय? चढ हा ब्रेक आहे खरा, पण फारच लहरी. वरच्या उदाहरणातला चढ चढायला २.९ मीटर वेग लागतो. ३.१ ने आलेला बॉल माथ्यावर पोचतो तेव्हा त्याच्याकडे सेकंदाला १.१ मीटर वेग उरलेला असतो. ३.३ ने आलेल्याकडे जवळजवळ १.६. आणि २.८ ने आलेला बॉल माथा गाठतच नाही; तो मागे घरंगळतो आणि पाठून येणाऱ्याला भेटतो. पायथ्याशी चिमूटभर असलेला फरक माथ्यावर ढळढळीत होतो. पट्ट्यावर जरा तेल चढलं, मोटार जरा सुस्तावली, की एवढा फरक सहज पडतो. चढाला वाईट म्हणायचं कारण नाही. पण चढामागे वेग नेमका करणारं काहीतरी हवंच.

मग चढावर किंवा त्यानंतर दाबून धरणारा साधा ब्रेक लावला तर? इथे अडचण वजनाची येते. एकाच रुळावरून २.७ किलोचा मुलांचा बॉल येतो आणि ७.२६ किलोचाही येतो. आकार जवळपास सारखा, वजन अडीच पटींहून जास्त. समजा, ब्रेक अर्ध्या मीटरमध्ये ३० ज्यूल काढून घेतो. सेकंदाला ३ मीटरने आलेल्या जड बॉलमध्ये गिरकी धरून ४६ ज्यूलच्या जवळपास ऊर्जा आहे. तो ब्रेकमधून सुटतो तेव्हाही पावणेदोन मीटरचा वेग राखून असतो. हलक्या बॉलकडे मुळात १७ ज्यूल आहेत. तो अर्ध्या वाटेवर थोडासा पुढे जाऊन अडकतो. ब्रेक जडासाठी कसला तर हलका अडतो, हलक्यासाठी सैल केला तर जड आदळतो. मेकॅनिक स्प्रिंग आवळत आणि सोडत बसतो. ‘वेग कमी करणारे भाग कधी धड चालत नाहीत’ अशी तक्रार असते तिचं मूळ बहुधा इथे असतं, आणि अशा ब्रेकपुरती ती रास्त आहे.

यावरचा चांगला उपाय म्हणजे ठरावीक जोर न लावता ठरावीक वेग लादणं. बॉलवर वरून टेकणारा, मंद आणि एकसारख्या गतीने फिरणारा पट्टा घ्या. बॉल त्याच्यापेक्षा वेगात आला तर पट्टा त्याला आवरतो, हळू आला तर पुढे नेतो. सपाट तळावर, घसरण नसेल तर, वरचा पट्टा सेकंदाला १ मीटर धावताना बॉलचा मध्य बरोबर अर्ध्या मीटरने सरकतो. वजन काहीही असो. आणि बॉल वरून पट्ट्याला, खालून तळाला टेकलेला असल्यामुळे त्याची गिरकीही त्याच वेगाशी बांधली जाते. रबराला जे जमत नाही ते इथे आपोआप होतं. यासाठी पट्ट्याला लांबी हवी आणि दाब मऊ हवा, म्हणजे जड बॉल काही अंतर घसरत घसरत वेगावर येतो, दणका बसत नाही. मजकुरात ज्याला लटांबर म्हटलंय ते हेच.

पट्ट्यांविरुद्धचा एक आक्षेप मात्र खरा आहे : पट्टे बॉलवर डाग पाडतात. बॉल कुठे अडकला आणि पट्टा त्याच्यावर फिरतच राहिला, तर कवच एका जागी भाजून निघतं. तेल माखलेला पट्टा तर पकड सोडून नुसता घासत राहतो. पण हा दोष अडकण्याचा आणि न पुसलेल्या पट्ट्याचा आहे. पट्टा काढून रबर लावल्याने घासणं बंद होत नाही, ते फक्त टोकाला सरकतं.

खेळ रेंगाळण्याचा मुद्दा दोन ओळींत संपतो. शेवटच्या ६० सेंटिमीटरमध्ये वेग ३ मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला तर बॉलला त्या अंतरात साधारण ०.३४ सेकंद लागतात. न थांबवता आला असता तर ०.२ सेकंद. खेळ रेंगाळतो तो अडकलेल्या बॉलसाठी कोणीतरी मागे जाऊन यंत्र बंद करतं तेव्हा.

राहिला बोटांचा प्रश्न, आणि इथे मजकुराचा सूर मला सर्वांत जास्त खटकतो. रॅकवर चार-पाच बॉल एकमेकांना टेकून उभे आहेत. नवा बॉल पहिल्यावर आदळतो, पण उसळतो तो शेवटचा. मधले जेमतेम हलतात. म्हणजे येणाऱ्या बॉलपासून दूरच्या टोकाला हात घालणाराही सुरक्षित नाही, आणि धक्का कुठून आला हे त्याला दिसतही नाही. त्यावर पुन्हा ती गिरकी. घरंगळत आलेला बॉल तेवढ्याच वजनाच्या स्थिर बॉलवर आदळून क्षणभर थबकतो आणि गिरकीच्या जोरावर पुन्हा पुढे निघतो, आदर्श स्थितीत मूळ वेगाच्या दोन-सप्तमांशाने. पहिला धक्का बसला म्हणून हात पुढे करणाऱ्याला दुसरा मिळतो. बॉल दोन्ही बाजूंनी धरावा, येणाऱ्या बॉलच्या वाटेत आणि दोन बॉलच्या फटीत बोटं घालू नयेत, हे नवख्यांना शिकवतात ते योग्यच आहे. पण त्याच रॅकवर लहान मुलं हात घालतात, आणि खेळणाऱ्याचं लक्ष पिनांकडे असतं. सेकंदाला २ मीटरने येणाऱ्या जड बॉलमध्ये गिरकी धरून २० ज्यूल असतात. अर्ध्या मीटरने येणाऱ्यात सव्वा. वेग चौथाई केला की मार सोळावा हिस्सा होतो. शिकवणीने एवढा फरक पडत नाही.

आपल्या यंत्रणेचं काय चाललंय हे पाहायला काही विकत घ्यावं लागत नाही. रॅक रिकामा करून सर्वांत हलका आणि सर्वांत जड बॉल एकेक करून परत येऊ द्यावा आणि वर येताना पाहावा. दोघे सारख्याच संथ चालीने आले तर वेग आवरणारा भाग नीट आहे. जड बॉल धडकला आणि हलका कुंथत आला, तर कुठेतरी ठरावीक जोराचा ब्रेक काम करतोय. दोघेही धडकले तर आधी पट्टा पुसून पुन्हा पाहावं. आणि टोकाच्या रबरावर एकाच जागी काळा घासलेला गोल उमटला असेल, तर पट्ट्याचं काम सध्या रबर करतंय.