दिसलं का?

लग्नाच्या पंगतीत ‘पोटभर जेवलात ना?’ आणि बायॉलॉजीच्या लॅबमध्ये ‘दिसलं का?’ या दोन प्रश्नांना ‘नाही’ म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. मागे बारा जणांची रांग असते, तास संपायला सात मिनिटं उरलेली असतात आणि मायक्रोस्कोपच्या पांढऱ्या वर्तुळात आपल्याच पापण्यांचे केस फडफडत असतात. तरी ‘हो सर, दिसलं’ म्हणून माणूस बाजूला होतो, जर्नलात पुस्तकातली विटांची भिंत उतरवतो आणि खाली ‘कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी’ असं सुवाच्य अक्षरात लिहून मोकळा होतो.

मराठीत या यंत्राला सूक्ष्मदर्शक म्हणतात, म्हणजे सूक्ष्म दाखवणारा. माझी तक्रार या नावापासूनच सुरू होते. तो आपण होऊन काहीही दाखवत नाही. जावयासारखी त्याची आधी मनधरणी करावी लागते, आणि तीही ठरलेल्या क्रमाने. एक पायरी चुकली की रुसलाच. मात्र रुसण्याला दर वेळी कारण असतं आणि ते शोधून काढता येतं, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

आपल्या कॉलेजांतला नेहमीचा मायक्रोस्कोप म्हणजे खाली आरसा, वर एकच नळी. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन; इथे दोन घेऊन गेलात तरी एकच चालतो. दुसरा मिटून घेऊ नये. तो उघडाच ठेवायचा आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. पाच मिनिटांत सवय होते. मिटलेल्या डोळ्याने अर्धा तास काढलात तर घरी जाताना रस्ताभर लोक विचारतात, काय झालं. कपाटातून काढताना एक हात यंत्राच्या कमानीला आणि दुसरा बुडाखाली हवा. आयपीस, म्हणजे डोळा लावायचं वरचं भिंग, नळीत बहुधा नुसता ठेवलेला असतो. यंत्र तिरपं झालं की तो बाहेर पडतो, आणि फरशीला भिंगाबद्दल कसलाही आदर नसतो.

आरशाला दोन बाजू असतात, एक सपाट आणि एक अंतर्गोल. स्टेजखाली, म्हणजे स्लाइड ठेवायच्या पाटाखाली, उजेड एकवटणारं भिंग (कंडेन्सर) असेल तर सपाट बाजू, नसेल तर अंतर्गोल. प्रत्यक्षात जी बाजू हाताला लागेल ती लावली जाते. बरं, सपाट बाजू बरोबर लावली आणि कंडेन्सर पूर्ण वर असला तर वेगळाच घोळ होतो. समोरच्या खिडकीचं चित्र थेट स्लाइडच्या पातळीवर उमटतं, गजांसकट. उभ्या रेघा, आडव्या रेघा, मधे चौकोन. पेशी अशाच दिसतात असं पुस्तकाने आधीच मनात भरवलेलं असल्यामुळे कित्येक जर्नलांत खिडकीचे गज ‘पेशीभित्तिका’ या नावाने बाणासह विराजमान झालेले आहेत. ओळखायची युक्ती सोपी आहे. स्लाइड जराशी सरकवायची. पेशी सरकतात, खिडकी सरकत नाही. मग कंडेन्सर केसभर खाली घ्यायचा, गज विरघळून जातात. आरसा थेट सूर्याकडे मात्र कधीच वळवायचा नाही. उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली. पावसाळ्यात ढग आला की साऱ्या वर्गाच्या पेशी एकदम अंधारात जातात. अशा वेळी आरशासमोर मोबाइलचा टॉर्च चालतो, फक्त त्यावर पातळ पांढरा कागद धरायचा, नाहीतर नुसता लखलखाट दिसतो.

आता कांदा. तो चिरताना रडवतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण सोलताना जास्त रडवतो हे लॅबमध्ये कळतं. जाड मांसल पाकळी घ्यायची. तिच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूला जो पारदर्शक पापुद्रा असतो तो हवा. पाकळी मोडली की तो आपोआप सुटतो आणि चिमट्याने ओढता येतो. सुटला की ताबडतोब वॉच ग्लासमधल्या, म्हणजे काचेच्या छोट्या बशीतल्या, पाण्यात टाकायचा. ‘जरा थांबा, पेन शोधतो’ म्हणालात तर तो स्वतःभोवती गुंडाळून घेतो आणि मग उलगडत नाही. पाच मिलिमीटर चौरसाचा तुकडा पुरे. उत्साही मंडळी रुमालाएवढा पापुद्रा घेतात, तो कव्हरस्लिपखाली, म्हणजे वर झाकायच्या पातळ काचेखाली, घड्या घालून बसतो आणि एका पेशीवर दुसरी पेशी अशी चाळ दिसते. दोन थेंब सौम्य सॅफ्रनिन, म्हणजे पेशी रंगवायचा लाल रंग, अर्धा-एक मिनिट, मग पाण्यात धुवायचं. धुवायचं राहिलं तर केंद्रक लाल, पेशी लाल, पाणी लाल, आणि बोटं पुढचे दोन दिवस लाल.

ब्रशने तुकडा स्लाइडवर घ्यायचा, वर ग्लिसरीनचा एक थेंब. एकच. कव्हरस्लिपची एक कड थेंबाला टेकवून, सुईच्या आधाराने ती तिरपी हळूहळू खाली सोडायची. वरून टपकन टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. आणि बुडबुडा हा लॅबमधला सगळ्यात देखणा नमुना असतो. अगदी गोल, काळीकुळकुळीत जाड कड, मधे झगझगीत उजेड. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो ‘पेशी’ म्हणून एकदम पटतो. हवा आणि द्रव यांच्या सीमेवर प्रकाश कडेला फार वाकतो आणि भिंगापर्यंत पोचतच नाही, म्हणून ती कड काळी. इतकं रेखीव आणि इतकं गोल काही दिसलं, तर ते सजीव नाही असं धरून चालावं.

खरी परीक्षा फोकसची. नियम असा की सुरुवात कायम लहान ऑब्जेक्टिव्हने (नमुन्याकडचं खालचं भिंग), ४एक्स किंवा १०एक्सने, म्हणजे चारपट किंवा दहापटवाल्याने. बाजूने बघत बघत ऑब्जेक्टिव्ह स्लाइडच्या जवळ आणायचं, मग आयपीसला डोळा लावून ते लांब न्यायचं. म्हणजे डोळा लावल्यावर फोकसचा मोठा नॉब फक्त एकाच दिशेने फिरतो, स्लाइडपासून दूर. याच्या उलट करणाऱ्याला पेशी दिसत नाहीत, पण ‘कट्’ असा बारीक आवाज ऐकू येतो. १०एक्सखाली सहा-सात मिलिमीटर मोकळी जागा असते, ४०एक्सखाली जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. तिथे मोठ्या नॉबला हात लावणं म्हणजे बोळातून ट्रक काढणं. ४०एक्सवर फक्त लहान नॉब, तोही पाव-अर्धा फेरा.

यातूनच लॅबमधलं एक जुनं रहस्य तयार होतं. १०एक्सवर सगळं लख्ख दिसतं आणि ४०एक्सवर काही केल्या फोकस होत नाही. मग यंत्र बिघडलंय, नॉब सैल आहे, भिंग गेलंय अशा अफवा पसरतात. दहापैकी आठ वेळा स्लाइड उलटी ठेवलेली असते. स्लाइडची काच सुमारे एक मिलिमीटर जाड. ती मधे आली की ४०एक्सला नमुन्यापर्यंत पोचताच येत नाही. कव्हरस्लिप फक्त ०.१७ मिलिमीटरची असते आणि ऑब्जेक्टिव्ह तेवढीच जाडी हिशोबात धरून बनवलेलं असतं. उरलेल्या दोन वेळा ४०एक्सचं टोक ग्लिसरीनमध्ये बुडालेलं असतं.

डायफ्रॅमची, म्हणजे खालून येणारा उजेड कमी-जास्त करणाऱ्या पडद्याची, तर मला कीवच येते. त्याला कुणी विचारत नाही. उजेड जास्त म्हणजे जास्त दिसणार, असा आपला साधा हिशोब. म्हणून तो सताड उघडा. पण पेशी म्हणजे पाण्यातलं पाणी. झगझगाटात ती असूनही दिसत नाही. आयपीस काढून नळीत डोकवायचं आणि उजेडाचं वर्तुळ साधारण तीन-चतुर्थांश उरेपर्यंत डायफ्रॅम मिटत जायचं. आयपीस परत लावला की रिकाम्या शेतात एकदम बांध उगवल्यासारख्या भिंती दिसू लागतात. फार मिटला तर मात्र प्रत्येक रेघेला दुहेरी किनार येते, कडा जाड होतात आणि बारीक तपशील गायब होतो.

एवढं सगळं जमल्यावर वर्तुळात एक काळा ठिपका दिसतो. हाच केंद्रक, असं सगळ्यांना वाटतं. स्लाइड सरकवा, ठिपका सरकला तर तो स्लाइडवरचा. आयपीस गोल फिरवा, ठिपकाही फिरला तर ती आयपीसवरची धूळ. दोन्हीने हलला नाही तर खालच्या भिंगांपैकी कुणाचा तरी. आणि नजरेबरोबर तरंगत लांब पळणारी पारदर्शक साखळी दिसली तर ती तुमच्या डोळ्याच्या आतली. तिचं चित्र काढायचं नसतं.

सरकवण्यावरून आठवलं. इथे सगळं उलटं असतं. नमुना डावीकडे हवा तर स्लाइड उजवीकडे ढकलायची. खात्री करायची असेल तर वर्तमानपत्रातल्या ‘वधू पाहिजे’ जाहिरातीतलं एक अक्षर कापून स्लाइडवर ठेवा. ते खाली डोकं वर पाय होतं, शिवाय डावं-उजवंही बदलतं. डबक्याच्या पाण्यातल्या पॅरामिशियम या एकपेशीय जीवाच्या मागे धावताना हे आठवत नाही आणि आपण मोठ्या निष्ठेने त्याच्या विरुद्ध दिशेला धावत राहतो. त्याला अडवायला कापसाचे चार-दोन तंतू थेंबात टाकायचे. ते त्यात अडकतं, आपण पाठलागातून सुटतो.

शेवटी ‘केवढं दिसलं?’ हा प्रश्न. ४एक्सखाली पारदर्शक पट्टी ठेवून वर्तुळ मोजलं तर ते साडेचार मिलिमीटरच्या आसपास भरतं, आयपीसप्रमाणे थोडं कमीजास्त. ४०एक्सवर त्याचा दहावा भाग, ०.४५ मिलिमीटर. गालाच्या आतली पेशी असते सुमारे ०.०६ मिलिमीटरची. म्हणजे मिथिलीन ब्लू हा निळा रंग लावलेल्या अशा सातेक पेशी रांगेत बसतील. जर्नलात मात्र एकच पेशी काढलेली असते, वर्तुळभर, अनारशासारखी.

काम झालं की लहान ऑब्जेक्टिव्ह खाली, लेन्स पेपरने पुसून वर टोपी. रुमाल नाही, शर्टाचं टोक नाही, फुंकर तर मुळीच नाही, तिच्यात थुंकी असते. कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात ही पुडी विसरलात तर भिंगावर बुरशी चढते आणि दसऱ्यापर्यंत सगळ्या स्लाइडी धुक्यात जातात. ही बुरशी मायक्रोस्कोपमधून दिसत नाही, ती भिंगावरच असते ना! ऑब्जेक्टिव्ह सोडवून हातात घ्यायचं, आयपीस काढून उलटा धरायचा आणि त्यातून भिंगाकडे बघायचं. पांढऱ्या धाग्यांचं जाळं, फांद्यांना फुटलेल्या फांद्या. ना सॅफ्रनिन, ना कव्हरस्लिप, ना डायफ्रॅम, आणि पहिल्या झटक्यात लख्ख दिसतं.