खुलासा : मिलिटरी इंटेलिजन्स म्हणजे रॉ नव्हे

पोरांनो, काल परभणीच्या आपल्या भरती ग्रुपवर मीच मेसेज टाकला होता : ‘लष्कराची गुप्तवार्ता शाखा म्हणजेच रॉ, 1968 पासून.’ चूक माझी. रॉ 1968 चीच, पण ती नागरी संस्था, कॅबिनेट सचिवालयाखालची. लष्कराची इंटेलिजन्स कोर वेगळी, 1942 ची. तिची प्रशिक्षण शाळा तर आपल्या पुण्यातच आहे. समोर शत्रूच्या तुकड्या किती, तोफा कुठं, वाटेतला पूल रणगाडा पेलेल का, हे सेनापतीला आधी कळवणं तिचं काम. याच कोरमधून हवालदार म्हणून रिटायर झालेल्या मामांनी सकाळी सकाळी फोनवर माझा कान धरला. मेसेज खोडलाय. तुम्ही पुढं पाठवला असेल तर तिथंही हा खुलासा टाका, अन् जुना फिरवू नका.