प्रेडनिसोलोन ‘त्याच दिवशी बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘अंगदुखीवर डॉक्टर देतात ती प्रेडनिसोलोन म्हणजे विष, हाडं खाते. दुखणं थांबलं की त्याच दिवशी बंद करा. नंतर अंग दुखलं तर घाबरू नका, विष बाहेर पडतंय. वाटल्यास पेनकिलर घ्या आणि देशी चूर्ण सुरू करा.’ रामबागेतल्या आमच्या काकू खांदे-मांड्या आखडवणाऱ्या पॉलिमायल्जिया र्‍हुमॅटिकासाठी हीच गोळी घेतात. मेसेज वाचून त्यांनी ती सोडायचं जवळपास ठरवलंच होतं. असं काही पुढे ढकलण्याआधी लोक विचार का करत नाहीत?

‘त्याच दिवशी बंद करा’ हे यातलं सगळ्यात घातक वाक्य. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवतात, साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. महिनाभर बाहेरून गोळी मिळत राहिली की मेंदूकडून त्यांना जाणारा निरोप थांबतो आणि त्या सुस्तावतात. अशात गोळी एकदम सोडली तर उभं राहताच अंधारी येते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. कॉर्टिसॉलची उणीव भरणारं हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं नाही तर जीवही जातो. आणि विष कसलं बाहेर पडतंय? प्रेडनिसोलोन दोनेक दिवसांत शरीरातून निघून गेलेलं असतं. त्रास होतो तो काहीतरी कमी पडल्यामुळे.

गोळी कमी करायची रीत ठरलेली आहे. युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी, युलार आणि एसीआरनं, २०१५ साली याच आजारासाठी एकत्र शिफारशी दिल्या. सुरुवात रोज १२.५ ते २५ मिलिग्रॅमनं, ४ ते ८ आठवड्यांत १० वर, आणि तिथून दर ४ आठवड्यांनी फक्त १ मिलिग्रॅम कमी. १ मिलिग्रॅमची गोळी मिळत नसेल तर एक दिवस १० आणि एक दिवस ७.५, म्हणजे सरासरी १.२५ कमी. आजार उलटला तर उलटण्याआधीच्या डोसवर परत जायचं आणि ४ ते ८ आठवड्यांत हळूहळू खाली यायचं. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीत. वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

‘दुखलं तर घाबरू नका’? आधी दुखणं कुठलं ते बघा. डोस उतरवल्यावर सगळं अंग कणकणतं आणि काही दिवसांत शमतं, तो बहुधा उतरणीचा त्रास. सकाळी दोन्ही खांदे-मांड्या पाऊण तासाहून जास्त आखडलेल्या, केस विंचरायला हात वर जात नाही आणि रक्ततपासणीत सूज दाखवणारे सीआरपी, ईएसआर वाढलेले, तर आजार उलटतोय. दुखत नाही पण पाटावरून उठता येत नाही, तर स्टेरॉइडनंच, म्हणजे या गोळीनंच, मांड्यांचे स्नायू अशक्त केले असतील. तिथे डोस वाढवला तर आणखी बिघडतं. म्हणून वहीत तारीख, डोस आणि सकाळी किती मिनिटं आखडलं एवढं रोज लिहा. कानशिलाकडे नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा नजर अंधुक होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दृष्टी कायमची जाऊ शकते.

‘हाडं खाते’ यात तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. साखरही वाढते, बऱ्याचदा दुपारनंतर. उपाशीपोटीची तपासणी तेवढी नॉर्मल येते. पण त्यावर उपाय आहेत: कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांची डेक्सा तपासणी, जेवणानंतरची साखर, आणि गोळी सकाळी नाश्त्यानंतर.

पेनकिलरचं थोडक्यात: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या स्टेरॉइडबरोबर घेतल्या तर जठरात अल्सर होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मनानं घेऊ नका.

राहिलं चूर्ण. भाजीत हळद-सुंठ खुशाल घाला, त्यानं हा आजार आटोक्यात येत नाही. आणि जी बिनलेबलची पुडी दोन दिवसांत ‘जादू’ करते, तिच्यावर आधी संशय घ्या. अशा चूर्णांत स्टेरॉइडच मिसळलेलं सापडलेलं आहे. किती, ते घेणाऱ्याला कळत नाही, त्यामुळे ते उतरवायचं कसं हेही ठरवता येत नाही. अशी पुडी महिनोन्‌महिने चालू असेल तर ती एकदम फेकू नका. पुडीसकट डॉक्टरांकडे जा आणि कधीपासून घेताय ते सांगा.