शिडीवरच्या सासूबाई

कळसूबाईच्या लोखंडी शिडीवर मधोमध अडकलेल्या अवस्थेत मला एका अनोळखी गृहस्थाच्या सासूबाईंशी गप्पा माराव्या लागल्या, आणि त्याचा राग अजून पुरता ओसरलेला नाही. ऑगस्टमधला रविवार होता, बारी गावापासूनच माणसांची रांग लागलेली होती आणि अंगावरच्या पोंचोच्या बाहेरून पाऊस व आतून घाम सारख्याच निष्ठेने मला भिजवत होते. प्रस्तावना एवढी पुरे.

1646 मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर आहे, आणि कोणी तरी त्याला ‘महाराष्ट्राचे एव्हरेस्ट’ म्हणून ठेवल्यापासून लिफ्ट बंद पडली की घरी न जाणारी माणसेसुद्धा पावसाळ्यात तिकडे निघतात. कातळाच्या अवघड टप्प्यांवर शिड्या बसवलेल्या आहेत. शिडीवर दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन अवयव सदैव टेकलेले असावेत, हा नियम कोणालाही पटण्यासारखा आहे. माझ्या पुढच्या गृहस्थांनी तो तंतोतंत पाळला होता, कारण त्यांचे दोन पाय आणि एक हात शिडीवर होते आणि उरलेल्या हातात व्हिडिओ कॉल होता.

त्यांच्या बुटांचे तळवे माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होते. तळव्यांच्या खाचांत तांबडी माती घट्ट बसलेली होती आणि पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर तिचा एकेक थेंब सुटून माझ्या चष्म्यावर पडत होता. मी अत्यंत सभ्यपणे “पुढे सरकता का?” असे विचारले. “काका, रेंज फक्त इथेच आहे,” असे त्यांनी मला समजावून सांगितले आणि “ही जरा धरा,” म्हणत स्वतःची मिटलेली छत्री खाली दिली. शिडीवर माणूस छत्री कशाला आणतो हे विचारायच्या आत ती माझ्या काखेत होती.

“आई, हे बघा, ते अलंग, ते मदन आणि ते कुलंग!” असे सांगत त्यांनी फोन गरगर फिरवला. चारी बाजूंना पांढऱ्याशुभ्र धुक्याशिवाय काहीही नव्हते, आणि धुके नसते तरी फरक पडला नसता, कारण हे तिन्ही गड शिखराच्या पलीकडे पश्चिमेला आहेत आणि आम्ही बारीच्या, म्हणजे पूर्वेच्या अंगाला लटकलो होतो. सासूबाई मात्र प्रसन्न होत्या. “किती छान हो जावईबापू! दिसत काही नाही, पण छान वाटतंय,” असे त्या म्हणाल्या. एवढा प्रामाणिक अभिप्राय पावसाळी भटकंतीबद्दल मी तरी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला नाही.

मग जावईबापूंनी दरी दाखवण्यासाठी फोन खाली वळवला. दरी दिसली नाही, मी दिसलो.

“हे खाली कोण आहेत?”

“काका आहेत. ट्रेकला आलेत.”

“बाई गं, किती दमलेत! त्यांना आधी जाऊ द्या की.”

“जागा नाही ना आई. काका, आईंना नमस्कार करा.”

हात जोडले असते तर थेट बारीत पोहोचलो असतो, म्हणून मी मान लववली. सासूबाईंनी मी कुठला, घरी कोण कोण असते आणि या वयात घरचे पाठवतात कसे, याची आस्थेने चौकशी केली. वरून उतरू पाहणारे पाच-सहा जण आणि खालचा सगळा महाराष्ट्र माझी उत्तरे ऐकत होता. शेवटी त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “काका, जावईबापूंकडे लक्ष ठेवा हं. त्यांना उंचीची फार भीती वाटते.”

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की गृहस्थांची शिडीवरची पकड फोनवरच्या पकडीपेक्षा किती तरी घट्ट होती आणि बोटांची पेरे पांढरी पडली होती. रेंज ही सबब होती. त्यांचे पायच उचलत नव्हते. घाबरलेल्या माणसावर ओरडता येत नाही, त्यामुळे साठवलेला सगळा राग गिळावा लागला आणि तो अजून पचलेला नाही.

तो गृहस्थांवर काढण्यात अर्थ नाही, हे मला कळते. अशा माणसाला, “उतरावेसे वाटले तर आताच सांगा,” असे शिडीच्या पायथ्याशी विचारणारे कोणीच नव्हते. त्यांच्या ट्रेकच्या आयोजकांनी टी-शर्ट दिला होता आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशा कागदावर सही घेतली होती. जबाबदारीचा विषय तिथेच संपला. हा सगळा प्रदेश कागदोपत्री अभयारण्य आहे, तरी एका वेळी किती माणसे वर सोडावीत हे मोजणारे त्या दिवशी मला कोणी दिसले नाही. सह्याद्रीत कुठे दुर्घटना झाली की मात्र बंदीचे आदेश निघतात. पूर्वी ते कलम 144 खाली निघत, 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात. कलम बदलले, पण ‘सगळे या’ आणि ‘कोणीही येऊ नका’ यांच्या मधली एखादी व्यवस्था काही सापडलेली नाही. शिडीखाली शिट्टी घेतलेले दोन स्थानिक तरुण रोजंदारीवर उभे केले, तरी निम्मा प्रश्न सुटेल. पण शिट्टीचे उद्घाटन करता येत नाही.

असो. उजवा पाय, डावा हात, डावा पाय असे मोठ्याने सांगत मी जावईबापूंना वर चढवले आणि सासूबाईंनीही पलीकडून तोच गजर केला. देवीच्या छोट्या मंदिरापाशी पोहोचताच त्यांची भीती समूळ नाहीशी झाली, आणि खरीखुरी रेंज तिथेच मिळाल्यामुळे त्यांनी मला कौतुकाने कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट दाखवला. सासूबाईंनी कॉल चालू असतानाच स्क्रीनशॉट काढून तो तिथे टाकला होता. त्यात धुके होते, शिडीची एक पायरी होती आणि तोंड उघडे टाकलेला, काखेत छत्री धरलेला मी होतो. खाली अकरा बदाम आले होते, आणि नागपूरच्या कोणा मावशींनी विचारले होते, “हे काका सुखरूप उतरले का?”

छत्री त्यांनी अजून परत मागितलेली नव्हती.